आमच्या लॅपटॉपचे राज्यपाल

रात्री साडेबाराला घरातले सगळे आवाज निजले की आमच्या लॅपटॉपचा पंखा जागा होतो. दिवसाही तो फिरतच असणार, पण तेव्हा त्याच्या वरचढ मिक्सर असतो, शेजाऱ्यांचा टीव्ही असतो, रस्त्यावरचे हॉर्न असतात. रात्री तो एकटा उरतो. मी तरी काय मोठं करत असतो? एक पीडीएफ उघडी, शेजारच्या टॅबमध्ये उद्याच्या गाडीची वेळ. तेवढ्यावर हा असा घुमायला लागतो, जणू कुणी दोन पायली ज्वारी दळायला टाकलीये.

लॅपटॉप जुना आहे आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. लिनक्सवाल्यांना एक खोड असते, काही कुरकुरलं की आत हात घालायचा. मी घातला.

प्रोसेसर जितका जोरात पळेल तितका तापतो, आणि तापला की पंखा घुमतो. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, प्रोसेसरच्या या वेगाचा सगळा संसार छोट्या छोट्या फायलींत मांडून ठेवलेला असतो. एकीत आत्ताचा वेग, एकीत किमान, एकीत कमाल, सगळं किलोहर्ट्झमध्ये. आमच्याकडे किमान ८००००० आणि कमाल २६०००००. आणखी एका फायलीत नुसता एक शब्द. तिचं नाव स्केलिंग गव्हर्नर. गव्हर्नर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी मलबार हिल, समुद्र आणि शपथविधी आला. इथले राज्यपाल मात्र दर काही मिलिसेकंदांनी निर्णय घेतात.

फायलीतला शब्द होता पॉवरसेव्ह. म्हटलं, सापडला चोर, हाच प्रोसेसरला रेंगाळत ठेवत असणार. पण नाही. प्रोसेसरचा वेग प्रत्यक्ष हलवणारा कर्नलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. जुन्या ड्रायव्हरांमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे प्रोसेसर किमान वेगाला खिळवून ठेवायचा आणि परफॉर्मन्स म्हणजे कमालला. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरने नावं तीच घेतली, पण त्याचा पॉवरसेव्ह कामाचा बोजा बघून वेग वरखाली करतो. पाटी जुनी, दुकान वेगळं. हे कळायच्या आत मी परफॉर्मन्स लावून पाहिलं होतं, आणि पंख्याने असा सूर धरला की आतल्या खोलीतून ‘काय चाललंय?’ अशी विचारणा आली.

या गव्हर्नर शब्दाने मला गावाकडच्या गिरणीत नेऊन उभं केलं. ऑइल इंजिनवरची गिरणी. धुराच्या नळीवर डबा उपडा घातलेला, त्यामुळे तिची पुक् पुक् पार वेशीपर्यंत ऐकू यायची आणि लोक त्या आवाजावर डबे घेऊन निघायचे. माझी नजर, खरं म्हणजे कान, एकाच क्षणावर असायचे. गिरणीवाले आप्पा वरच्या पत्र्याच्या तोंडात धान्य ओतायचे आणि इंजिन एकदम दमायचं. पुऽक्, पुऽऽक्... आता बंद पडतंय की काय असं वाटेतो पुन्हा पहिल्या ठेक्यावर यायचं. ‘गव्हर्नर हाय त्याला,’ आप्पा म्हणायचे. इंजिनाबरोबर दोन वजनं गरगर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी सोडतात. वेग पडला की आत येतात आणि डिझेल वाढतं. जेम्स वॅटने १७८८ मध्ये हे वाफेच्या इंजिनावर बसवलं म्हणून नाव त्याचं झालं, पण असे फिरते गोळे त्याआधीच युरोपातल्या पवनचक्क्यांत जात्याच्या दगडांमधलं अंतर राखायला वापरत होते. म्हणजे गव्हर्नर हा मूळचा गिरणीतलाच माणूस.

फरक असा की आप्पांचा गव्हर्नर वेग हलू देत नसे, डिझेल हलवत असे. कर्नलचा गव्हर्नर वेगच हलवतो. आप्पांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, ‘मग त्यो गव्हर्नर कसला?’ मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे. पण नाव पडलं ते पडलं.

वेग हलवून मिळतं काय, हेही बघण्यासारखं आहे. नुसता वेग निम्मा केला तर काम दुप्पट वेळ चालतं. हिशेब जिथल्या तिथे. खरी गंमत व्होल्टेजची आहे. कमी वेगाला कमी व्होल्टेज पुरतं, आणि चिपमधली उलाढाल जी वीज खाते ती वेगाच्या पटीत, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा वेग निम्मा झाला आणि व्होल्टेज १.२ वरून ०.९ वर आलं. दर क्षणाला लागणारी वीज २८ टक्क्यांवर येते. वेळ दुप्पट लागला तरी त्या कामाची एकूण वीज ५६ टक्केच. हे वाचल्यावर मला सगळं हळूहळूच करावंसं वाटायला लागलं. पण लगेच दुसरी बाजू पुढे आली. प्रोसेसर रेंगाळतो तेवढा वेळ मेमरी, पडदा, बाकीचा सगळा लवाजमा जागा राहतो, आणि चिपमधून काहीही न करता वीज झिरपत असते ती वेगळीच. त्यापेक्षा धावत काम संपवा आणि गाढ झोपा, असं म्हणणारे कर्नलवाले कमी नाहीत. आमची मावशी दुपारची भांडी धडाधड आटोपून एक वाजता आडवी होते, काका एक पेपर दिवसभर पुरवतात. दोघंही स्वतःला काटकसरी म्हणवतात.

असो. मी इंटेलचा ड्रायव्हर पॅसिव्ह केला, म्हणजे जुनं सगळं गव्हर्नर मंडळ हाताशी आलं. त्यातला ऑनडिमांड २००४ साली कर्नलच्या २.६.९ आवृत्तीत आलेला. तो ठरावीक वेळाने मागे वळून बघतो, मधल्या काळात प्रोसेसर किती टक्के गुंतलेला होता. उंबरठा ओलांडला असेल तर थेट कमाल वेग. माहितीपत्रात हा उंबरठा ८० दिसतो, माझ्या फायलीत ९५ होता. तो का, हे कर्नलच्या मूळ कोडमध्ये शोधण्यात एक रात्र गेली. (निष्क्रिय वेळ बारकाईने मोजता येत असेल तर कर्नल आपणहून ९५ धरतं. एवढंच.) कॉन्झर्व्हेटिव्ह एकेक पायरी चढतो, दर वेळी कमालच्या ५ टक्क्यांनी. त्याने पंखा शांत झाला, पण कुठलंही पान उघडताना लॅपटॉप आधी खाकरायचा.

मग शेड्युटिल. हा २०१६ मध्ये ४.७ आवृत्तीत आला आणि मला तो सगळ्यांत शहाणा वाटतो. तो वेगळी मोजणी करत बसत नाही. कामं वाटणाऱ्या शेड्युलरकडेच प्रत्येक कामाची नोंद असते, ती घेतो आणि वर पाव भाग जास्त धरून वेग मागतो. ही नोंद मात्र विसराळू आहे. ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामाचं वजन आत्ताच्या निम्मं, ६४ पूर्वीचं पाव. सेकंदाच्या एक तृतीयांशाआधी काय घडलं याला हजारावा हिस्साही किंमत नाही. हे वाचून मी खुर्चीत मागे रेललो. एवढ्या तुटपुंज्या आठवणीवर पुढच्या क्षणाचा अंदाज बांधायचा! पण आठवण लांबवली तर उगाच धावत राहणार, आखूड केली तर प्रत्येक ठेचेला दचकणार. शेवटी कुठलाही गव्हर्नर घ्या, धान्य पडल्यावरच त्याला कळतं की धान्य पडलं. ते मधलं पुऽऽक् टळत नाही.

दोन आठवडे रोज रात्री हेच. एका खिडकीत दर सेकंदाला वेग छापणारी आज्ञा लावून मी आकडे बघत बसायचो, आणि ते काही केल्या ८००००० वर टेकेनात. मग लक्षात आलं, ती आज्ञाच दर सेकंदाला प्रोसेसरला उठवत होती. भात शिजला का म्हणून दर मिनिटाला झाकण काढायचं आणि शिजत कसा नाही म्हणायचं, त्यातली गत.

चौदाव्या रात्री कंटाळून मी सरळ कमाल वेगाच्या फायलीत ८००००० लिहिलं. पंखा मंदावला, थांबला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. मी समाधानाने झाकण मिटून झोपायला गेलो.

सकाळी मी अंघोळीत असताना बायकोच्या ऑफिसची मीटिंग होती, आणि तिचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. ‘अरे, काय करून ठेवलंयस याचं? लोक बोलून मोकळे होतात आणि ओठ नंतर हलतात!’ दाराबाहेरून एवढं ऐकू आलं. साबणाच्या तोंडाने मी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. बाहेर येऊन बघतो तर मीटिंग झकास चालू.

‘काय केलंस?’ मी खुणेने विचारलं.

तिने माइक बंद केला. ‘बंद करून चालू केला.’

त्या फायली डिस्कवर नसतात. कर्नल चालू आहे तोवर त्या, आणि त्यांतले आकडेही तोवरच. कायम ठेवायचे तर मशीन सुरू होताना चालणारी एक चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी लागते. ती मी उद्या लिहिणार होतो. रोजच उद्या लिहिणार होतो. ड्रायव्हर पुन्हा इंटेलचा, गव्हर्नर पॉवरसेव्ह, कमाल २६०००००.

मीटिंग संपल्यावर तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. ‘छान चालतो की! फक्त पंख्याचा आवाज फार येतो रे याच्या. त्याचं काहीतरी बघ.’