आठ वाजताचा पहिला तास

'सुशेगाद', म्हणजे निवांत, एवढा एक शब्द टाकला की बाहेरगावच्या माणसाला गोव्याच्या वक्तशीरपणाबद्दल सगळं बोलून झाल्यासारखं वाटतं. मला हे कधीच पटलं नाही. इथे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पाटी बांधून पों-पों करत येतो, तो घड्याळ लावून घ्यावं असा. दुपारी एकला शटरं पडतात ती साडेतीन-चारपर्यंत; त्या वेळात कुणी साधी पेन्सिल विकत घेऊन दाखवावी! बंद ठेवण्यातही शिस्त लागतेच की. घोळ होतो तो शाळेच्या पहिल्या तासाला.

आमच्या वर्गात चोडण बेटावरची मुलं आहेत. मांडवी ओलांडून रायबंदरला उतरायचं, तिथून बस धरून पणजी. नदीचं पात्र काही मिनिटांचं, पण बोटीची फळी वर गेली की गेली. मग काठावर उभं राहून पलीकडचा धक्का बघत बसायचं. 'फेरी चुकली, टीचर' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मूल दारात दिसल्याबरोबर ते मीच म्हणते. 2025 मध्ये या मार्गावर मोठ्या रो-रो बोटी आल्या, गाड्या थेट आत चढवता-उतरवता येणाऱ्या. बोट नवी झाली, कारण जुनंच राहिलं. गंमत म्हणजे फेरीच्या पलीकडून येणारी चारजणं बहुधा आधीच बाकावर असतात आणि शाळेच्या मागच्या गल्लीतला मुलगा धापा टाकत येतो. घर जवळ असलं की माणूस घड्याळाकडे बघतच नाही.

एकदा प्रमाणवेळ शिकवत होते. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतं. पणजी 73.8 अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 35 मिनिटं मागे. फळ्यावर गुणाकार पुरा व्हायच्या आत गल्लीवाला उठला, 'म्हणजे टीचर, मी सूर्याच्या आधी येतो!' उत्तर बरोबर होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मग मी म्हटलं, ठीक आहे, सुटायचंही सूर्याप्रमाणेच, 35 मिनिटं उशिरा. त्याचा भूगोलातला रस तिथेच आटला.

खरं तर उशिराबद्दल आम्हा शिक्षकांचा न्याय एकतर्फी आहे. तास दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तर बेशिस्त, दहा मिनिटं उशिरा सुटला तर तळमळ. घंटा झाल्यावर 'एवढं एकच उदाहरण' म्हणणारा शिक्षक आजवर कुठल्या लेटमार्कच्या वहीत गेलाय? मुलं मुकाट्याने चेन लावलेलं दप्तर पुन्हा उघडतात आणि मधल्या सुट्टीतली आपली दहा मिनिटं आमच्या खात्यात जमा करतात.

आणि ही मुलं वेळेचा हिशेब शिकणार तरी कुणाकडून? जत्रेचं नाटक पत्रकावर रात्री दहाला असतं. बाराच्या आत पडदा वर गेला तर जेवून सावकाश निघालेल्या म्हाताऱ्यांना फसवल्यासारखं वाटतं. तिथे कुणी कुणाला कारण विचारत नाही. दुसऱ्या दिवशी माझा अर्धा वर्ग रिकामा, उरलेला उघड्या डोळ्यांनी झोपलेला. अशा दिवशी हजेरी घेताना मीही आवाज जरा खालीच ठेवते. कारण मांडवात दोन खुर्च्या सोडून मीही असते.

लेटमार्कच्या वहीत आमच्याकडे कारणाचा रकाना आहे. त्यात 'फेरी', 'पाऊस', 'बस भरली' यांच्या रांगेत एकाने प्रामाणिकपणे 'पाव यायचा होता' असं लिहिलं होतं. पोदेराला उशीर झाला होता म्हणे. मी त्याच्याकडून खात्री करून घेतली नाही, पण शेरा खोडलाही नाही.

आता पहिली दहा मिनिटं मी नवीन काही शिकवत नाही. पाढे, शुद्धलेखन, कालचं राहिलेलं. आलेल्यांचा सराव होतो, येणाऱ्यांचं बुडत नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना हे साफ नामंजूर. 'तू उशिराला मान्यता देतेस,' त्या म्हणतात. बोलणं बरोबर आहे त्यांचं. फक्त हे सांगायला त्या माझ्या दारात थांबतात तेव्हा त्यांचा तास सुरू होऊन पाच मिनिटं झालेली असतात.