237 टक्के

कोल्हापुरात आमचं कार्यालय आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांच्या पाणीयोजना आणि लहानमोठी बांधकामं आमच्याकडे असतात. सार्वजनिक संस्था आहे, नाव लिहीत नाही. मी तिथं लेखाधिकारी आहे. ऑक्टोबरमधल्या एका दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या सहा महिन्यांचा जमाखर्च आम्ही ऑक्टोबरात मांडतो. अर्धं वर्ष गेलं म्हणजे प्रत्येक शीर्षाखाली, म्हणजे जमाखर्चाच्या सदराखाली, निम्मी रक्कम दिसेल असं कधीच होत नाही. पाणीपट्टी खरी जमा होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, वसुलीची पथकं दारात उभी राहिल्यावर. पंपांचं वीजबिल मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतं. त्यात त्या वर्षी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती. नदीकाठची पंपघरं पाण्यात गेली, मोटारी काढून रिवाइंडिंगला पाठवाव्या लागल्या, गावांना टँकर लावले. हा सगळा महसुली, म्हणजे रोजचा कारभार चालवायचा खर्च, आणि तो तरतुदीच्या पुढं गेला होता.

भांडवली, म्हणजे नवीन बांधकामांच्या बाजूचं गणित वेगळंच. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं जून ते सप्टेंबर पाया खणणंसुद्धा अवघड. खरं काम होतं ते दसऱ्यापासून होळीपर्यंत. त्यातही गळीत हंगाम सुरू झाला की मुरूम-वाळू ओढणारे ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला जातात आणि ठेकेदार हात चोळत बसतो. म्हणून ऑक्टोबरचा आढावा मला मार्चच्या अंदाजपत्रकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मार्चमध्ये कळलेली चूक फक्त कागदावर दुरुस्त होते.

बैठक अकराची होती. साडेदहाला मी जिना चढत होते, तर वरच्या बाकावर भुदरगडकडच्या एका गावच्या सरपंच ताई बसलेल्या. मांडीवर प्लास्टिकची फाईल. मला बघून उठल्या आणि मोबाईलवरचा फोटो पुढं केला. पाण्याच्या टाकीचे कॉलम कमरेएवढे उभे होते, वर सळ्या मोकळ्या, पावसानं लाल झालेल्या.

"सळ्या गंजाय लागल्यात मॅडम. ठेकेदार म्हणतोय, पैलं बिलच निघंना तर सिमेंट कुठनं आणू?"

त्यांच्या टाकीचं पहिलं चालू देयक, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, 23 लाखांचं होतं. सप्टेंबरमध्ये आमच्याच शाखेनं ते परत पाठवलं होतं. शेरा होता, लेखाशीर्षाखाली निधी उपलब्ध नाही. मी त्यांना तेच सांगितलं.

"असं कसं? जुलैत तुमच्याच हापिसनं फोन करून सांगितलं हुतं, पैसं आल्यात म्हणून. मग गेलं कुठं?"

बैठक झाली की बघते, असं म्हणून मी पुढं गेले.

बैठकीत वातावरण चांगलं होतं. पूर येऊनही सहा महिन्यांअखेर महसुली बाजूला 71 लाखांची शिल्लक दिसत होती. भांडवली खर्च तरतुदीच्या जेमतेम 9 टक्के होता, पण पावसाळ्यामुळं तसं होतंच, म्हणून तिथं कुणी थांबलं नाही. शिल्लक दिसली की मागण्या सुरू होतात. सभागृहाची रंगरंगोटी निघाली, एका विभागाला नवीन गाडी हवी होती, कुणी फर्निचरची यादीच आणली होती. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव आजच तयार करा." म्हणजे ही शिल्लक दुसऱ्या खर्चांकडं वळवायचा.

मी तक्त्यावर पुन्हा नजर टाकली. टक्केवारीच्या रकान्यात 38, 44, 52, 41 असे आकडे होते आणि मध्येच एक 237. शासकीय सहायक अनुदाने, मूळ अंदाज 60 लाख, प्रत्यक्ष जमा 1 कोटी 42 लाख. आदल्या रात्री मी ही ओळ बघितली होती. जास्त आलंय, बरं झालं, असं म्हणून पुढं गेले होते. कमी दिसणाऱ्या आकड्यांची मी चार-चार वेळा चौकशी केली होती, जास्त दिसणाऱ्याची एकदाही नाही. त्या तक्त्यावर माझी सही होती.

कानात सरपंच ताईंचं 'जुलैत' घुमत होतं. मी साहेबांना म्हटलं, "सर, मला तीनपर्यंत वेळ द्या. ही शिल्लक आपली आहे की नाही, याची मला खात्री नाही." सगळे गप्प झाले.

खाली लेखाशाखेत आण्णा बसतात. तीस वर्षं कॅशबुक लिहिणारा माणूस. त्यांनी जुलैचं पान काढलं. अनुदान जमा, 1 कोटी 20 लाख. पुढं मंजुरी आदेशाचा क्रमांक. आदेशाची फाईल शोधायला पाऊण तास गेला. आदेशात मुख्य लेखाशीर्ष होतं 2215, पाणीपुरवठा व स्वच्छता.

आण्णा म्हणाले, "मॅडम, दोनानं सुरू होतं म्हणजे महसुली. भांडवली असतं तर 4215 असतं की. म्हणून महसुलीत घेतलं."

आण्णांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. शासनाच्या हिशेबात 2 नं सुरू होणारी शीर्षं महसुली, 4 नं सुरू होणारी भांडवली. पण शासन दुसऱ्या संस्थेला अनुदान देतं तेव्हा ते शासनाच्या वहीत महसुली खर्चच असतं, मग त्यातून टाकी बांधा की पगार करा. कारण टाकी शासनाच्या मालमत्तेत धरली जात नाही. ती आमची होते. म्हणून आमच्या वहीत तो पैसा भांडवली. हे ओळखायचं ते आकड्याच्या दुसऱ्या टोकाकडून. मी आदेशाच्या त्याच ओळीवर शेवटपर्यंत बोट नेलं. शेवटी पैसा कशासाठी ते सांगणारं उद्दिष्ट शीर्ष होतं, 35. भांडवली मत्तेच्या निर्मितीकरिता अनुदाने. रोजच्या खर्चासाठी असतं तर तिथं 31 असतं.

आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपण बियाणं दळून खाल्लं."

तसंच झालं होतं. जुलैत आलेला तो पैसा ताईंच्या टाकीचा होता. 1 कोटी 20 लाख महसुलीतून बाजूला काढले की 71 लाखांची शिल्लक जाऊन 49 लाखांची तूट उभी राहत होती. टाकीच्या पैशातले 49 लाख वीजबिलात, टँकरमध्ये आणि मोटारींच्या रिवाइंडिंगमध्ये गेले होते. बँक खातं एकच असल्यामुळं कुठं अडलं नाही, धनादेश वटत राहिले. एक पैसाही कुणी खिशात घातला नव्हता. उरलेले 71 लाख बँकेत होते, आणि तरीही 23 लाखांचं देयक निधी नाही म्हणून परत गेलं होतं. पैसे होते, फक्त चुकीच्या शीर्षाखाली होते. हे मला तूट कळल्यापेक्षाही जास्त लागलं, कारण तो शेरा माझ्या शाखेचा होता.

तीन वाजता मी दुरुस्त तक्ता साहेबांपुढं ठेवला. शिल्लक खोडली होती, तूट लाल पेनानं. त्यांनी दोनदा वाचला.

"सुधारित अंदाजपत्रकात दुरुस्ती करू या की," ते म्हणाले. "आत्ता ही तूट सभेपुढं न्यायची म्हणजे..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पुढचं मला कळत होतं. पण सुधारित अंदाजपत्रक येईपर्यंत आणखी चार-पाच महिन्यांची वीजबिलं त्याच पैशातून गेली असती. 71 चे 30 झाले असते, 30 चे शून्य. अनुदान ठरल्या कामालाच लागलं असं लिहून देणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर मार्चमध्ये सही कुणी करायची? मी तरी करणार नव्हते, आणि तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण हात थरथरत होते. मग मी सरपंच ताईंच्या फोटोबद्दल सांगितलं. त्या बाहेरच बसल्या आहेत, हेही सांगितलं.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. फोटो स्वतःच्या हातात घेऊन बघितला. "ताई, पैसे आले होते. नोंद चुकली आमची," असं ते सरळ म्हणाले. एवढ्या वर्षांत वरिष्ठ अधिकाऱ्यानं गावच्या माणसापुढं असं कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याबद्दल त्यांच्याविषयी माझ्या मनात कायमचा आदर आहे.

पुढचं काम साडेसातपर्यंत चाललं. हस्तांतर नोंद करून 1 कोटी 20 लाख महसुलीतून काढून भांडवली जमेत घेतले. टाकीसाठी स्वतंत्र बँक खातं काढायचं ठरलं, 71 लाख त्यात वळवायचे. रंगरंगोटी, गाडी, फर्निचर थांबवलं. पाणीपट्टीच्या थकबाकीची वसुली फेब्रुवारीची वाट न बघता लगेच सुरू करायची, मोठ्या थकबाकीदारांपासून. वसुली विभाग नाराज झाला, साहजिक होतं. दिवाळीच्या तोंडावर लोकांच्या दारात जायला कुणाला आवडेल?

23 लाखांचं देयक त्याच आठवड्यात, अनामत आणि कर कापून, निघालं. ठेकेदारानं ट्रॅक्टर उसाला जायच्या आधी खडी-वाळू टाकून घेतली. गंजलेल्या सळ्या आमच्या अभियंत्यांनी तपासल्या. गंज वरवरचा होता, तारेच्या ब्रशनं घासून काढून पुढं काम सुरू केलं.

डिसेंबरात एकदा संध्याकाळी फोन आला. "मॅडम, आज तळाचा स्लॅब पडला. पाणी मारायला बायका लावल्यात." मागं मिक्सरचा आवाज येत होता.

त्या महिनाअखेरपर्यंत वसुली आणि काटकसरीतून 31 लाख टाकीच्या खात्यात परत भरले होते. 18 लाख अजून भरायचे होते. तो आकडा मी माझ्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवला होता, आणि आण्णा रोज सकाळी आल्यावर आधी तो बघायचे.