इंग्लंडातला फोडणीचा भात आदल्या रात्रीच सुरू होतो

ठाण्यात रात्री नऊच्या सुमारास जेवणं उरकतात, कुकरच्या भांड्यात दोन वाट्या भात उरतो आणि झाकण ठेवून तसाच ओट्यावर राहतो. सकाळी डब्याच्या घाईत त्याचा फोडणीचा भात होतो. नौपाड्यातून, घोडबंदर रोडवरून सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे येणाऱ्या आया ही सवय इंग्लंडातही घेऊन येतात. ‘इथे एवढी थंडी, भाताला काय होतंय?’ असं त्यांना वाटतं. पण थंडी खिडकीबाहेर असते. हिवाळ्यात घर १९-२० अंशांवर तापवलेलं असतं आणि झाकलेल्या जाड भांड्यातला भात त्यात कितीतरी वेळ कोमट राहतो.

तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, असू शकतात. ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की त्यातून जिवाणू वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून इथली अन्नसुरक्षा पाहणारी सरकारी संस्था, फूड स्टँडर्ड्स एजन्सी, सांगते की भात शक्यतो तासाभरात गार करा, ५ अंश किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा आणि एकदाच गरम करा. भाताला वास न येताही तो बाधू शकतो. ठाण्याच्या मे महिन्यातल्या उकाड्यात तर हे जास्तच पाळायला हवं.

गार करायचा म्हणजे भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. इथले ओट्याखालचे फ्रिज लहान असतात, गरम भांड्याने शेजारचं दूधही तापतं. भात परातीत बोटाच्या एका पेराएवढा पातळ पसरा. वाफ जाऊन हाताला गार लागला की पसरट डब्यात भरा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी डबा उघडला की शितं टणक झालेली दिसतात. भात वाळलेला नसतो, थंडीने त्यातला स्टार्च घट्ट झालेला असतो. असा भात मोकळा सुटतो, म्हणून फोडणीला उत्तम. तीन वाट्या भाताच्या गुठळ्या ओल्या हाताने आधीच मोडून घ्या. दोन मोठे चमचे तेलात मूठभर शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढा. त्याच तेलात अर्धा चमचा मोहरी, हिंग, दोन मिरच्या, कढीपत्ता आणि एक कांदा. कांदा पारदर्शक झाला की पाव चमचा हळद, मग भात, मीठ, चिमूटभर साखर. दोन मोठे चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा आणि तीन मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या. ही पायरी गाळली की भात वरून परतलेला दिसतो आणि दाताखाली कच्चा लागतो. पाणी जास्त झालं तर मात्र बासमतीची शितं तुटून गिचका होतो. शेवटी शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू.

फोडणीचंही इथे वेगळं तंत्र आहे. काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीचं बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेली राहते. गॅससारखी आच झटकन कमी होत नाही, त्यामुळे मोहरी तडतडली की भांडंच उचलून बाजूला घ्यायचं, नाहीतर हळद करपून कडू होते. इंडक्शनवर आपलं ॲल्युमिनियमचं कढलं तापतच नाही. ठाण्याहून आणायचं तर बुडाला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं आणा.

पोळीचं गणित भाताच्या उलट. ज्या थंडीने भात मोकळा होतो, तिनेच पोळी वातड होते. उरलेल्या पोळ्या एका रात्रीपुरत्या कापडात गुंडाळून डब्यात बाहेरच ठेवा. जास्त दिवसांसाठी मध्ये बटर पेपर घालून थेट फ्रीझरमध्ये. कुस्करा करताना पोळी मिक्सरला लावू नका, तिचा रवा होतो आणि फोडणीत घशाला कोरडा लागतो. हाताने हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि पाच पोळ्यांना पाव वाटी ताक शिंपडून पाच मिनिटं मुरू द्या.

आमटी उरली तर वरणफळं करावीत, संध्याकाळच्या जेवणाला याहून ऊबदार दुसरं काही नाही. रात्रीत आमटी दाट होते, म्हणून दोन वाट्या आमटीत दोन वाट्या उकळतं पाणी घाला. पाण्याने चव पातळ होते, ती अर्धा चमचा गोडा मसाला, थोडा गूळ आणि एक-दोन आमसुलं घालून परत आणा. वाटीभर कणीक मीठ, हळद, चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा. इथे ‘मीडियम’ लिहिलेलं चपातीचं पीठ मिळतं, त्यात कोंडा कमी असल्याने पाणी कमी लागतं. आपल्या अंदाजाने ओतलंत तर कणीक सैल होते आणि फळं विरघळून आमटीची लापशी होते. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापा आणि आमटी खळखळून उकळत असतानाच एकेक सोडा. उकळी बसली की ती एकमेकांना चिकटतात. दहा-बारा मिनिटांनी एक फळ तोडून बघा. मधे पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. वरून लसणाची फोडणी आणि तूप. ओलं खोबरं घातलेली आमटी मात्र दुसऱ्या दिवशी ताणू नये.

कोबीची भाजी उरली तर इंग्रजांचाच पदार्थ जवळचा वाटतो. रविवारच्या मोठ्या जेवणातले उकडलेले बटाटे आणि कोबी कुस्करून ते सोमवारी तव्यावर खरपूस भाजतात, त्याला ‘बबल अँड स्क्वीक’ म्हणतात. आपण त्याच भाजीत भाजणी मिसळून थालीपीठ लावतो. भाजणी संपली असेल तर वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर ज्वारीचं पीठ मिळतं, पाकिटावर ‘जुवार’ शोधा. दोन वाट्या ज्वारी, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक आणि भरडलेले धणे-जिरे. भाजीत मीठ आहे हे विसरू नका, आणि पाणी भाजी मिसळून झाल्यावरच घाला, कारण कोबी स्वतःचं पाणी सोडतो.