व्हीबीएसचं गॅदरिंग, कंपासपेटी आणि स्तोत्र ९१

आमच्याकडे सगळे व्हीबीएसच म्हणायचे. पूर्ण नाव व्हेकेशन बायबल स्कूल, मराठीत सुट्टीतली पवित्रशास्त्र शाळा, पण ते फक्त कापडी बॅनरवर असायचं, आणि तो बॅनर दर मे महिन्यात तोच, नुसता साल लिहिलेला कागद बदलायचा. दहा दिवस सकाळी आठ ते अकरा, चर्चच्या आवारातल्या लिंबाखाली वर्ग, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी गॅदरिंग. नेवासे तालुक्यातलं छोटं गाव आमचं, मंडळीत चाळीस-पंचेचाळीस घरं, पण गॅदरिंगला सगळा गाव लोटायचा, सलामवाले म्हणजे आम्ही ख्रिस्ती पण आणि रामरामवाले हिंदू पण, कारण एकतर नाटक असायचं आणि दुसरं म्हणजे शेवटी बुंदी.

मी पहिलीपासून नववीपर्यंत एकही वर्ष चुकवलं नाही. आता आठवायला बसलं की सगळी वर्षं एकमेकांत मिसळतात, कोणत्या साली मांडव उडाला आणि कोणत्या साली हार्मोनियमवाल्या काकांना विंचू चावला ते काही नीट सांगता येत नाही, पण एक विषय मात्र दर वर्षी असायचाच. मनाची राखण. बाईंचा तो आवडता विषय. बाई म्हणजे आमच्या संडे स्कूलच्या बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या आणि रविवारी आमच्या. त्यांचं म्हणणं असं की शेताला राखण लागते, खळ्याला लागते, मग मनालाच का नको, आणि बायबलातल्या नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात तेच तर लिहिलंय की राखायच्या सगळ्या गोष्टींत आधी अंतःकरण राख. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, गोफण घेऊन माळ्यावर बसलेली, आम्हाला ते लगेच समजायचं.

समजायचं म्हणजे काय, गंमत वाटायची.

एका वर्षी बाईंनी मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाची गोष्ट सांगितली. १५२१ साली तो जीव वाचवायला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसला होता आणि तिथे बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर करत होता, तेव्हा म्हणे सैतान येऊन त्याला छळायला लागला आणि त्याने सरळ शाईची दौतच फेकून मारली. बाई म्हणाल्या खरं-खोटं कोणी बघितलंय, दंतकथा आहे ती, खरी शाई त्याने भाषांतरात वापरली तीच सैतानाला लागली. हे शेवटचं वाक्य आमच्यापैकी कोणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिघा-चौघांनी चर्चच्या मागच्या भिंतीवर कोळशाने शिंगवाला सैतान काढला आणि शाळेची पेनं झटकून त्याला निळा करून टाकला. भिंतीला गॅदरिंगसाठी दोनच दिवसांपूर्वी चुना दिलेला. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, आम्हाला काही मारलं नाही, पण चुन्याची बादली आणि ब्रश हातात दिला. चार हात मारले तरी ती शाई फिकी निळी दिसायचीच, पुढची दोन वर्षं तरी दिसत होती. ल्यूथरच्याच नावावर आणखी एक सांगायच्या त्या, डोक्यावरून पाखरं उडाली तर त्याला तू काही करू शकत नाहीस पण केसात घरटं करू देऊ नकोस. हे मात्र डोक्यात राहिलं, कदाचित गोफणीमुळे असेल.

नाटकाची वेशभूषा हा तर स्वतंत्र विषय आहे. बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाची शस्त्रसामग्री आहे ना, सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, सुवार्तेची पायताणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, ती एका वर्षी आम्ही स्टेजवर उभी केली. उरस्त्राण डालड्याचा पंधरा किलोचा डबा कापून केलं, ढाल म्हणजे आत्याच्या घरची परात, शिरस्त्राण म्हणजे पातेलं, आणि ते म्हणताना अर्ध्या पोरांची जीभ शिर-शिर करत अडकायची. पातेलं मोठं निघालं आणि ख्रिस्ती सैनिकाच्या नाकापर्यंत आलं, त्याला पुढचं काही दिसेना, तो स्टेजवरून हार्मोनियमवर आला. लोक पोट धरून हसले. बाई मात्र माईकवर शांतपणे म्हणाल्या की नीट बघा, एवढी शस्त्रं दिलीत पण पाठीला एकही नाही, म्हणजे पळणाऱ्याची सोय केलेली नाही. मला हे तेव्हा फार भारी वाटलं होतं. नंतर कळलं की असलं बरेच पाळक प्रवचनात सांगतात, पण आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते पातेल्यात डोकं अडकलेल्या सैनिकासमोर.

मोठ्या माणसांसाठी रात्री वेगळी सभा व्हायची, गॅसबत्ती लावून, आधी तासभर टाळ-मृदंगावर टिळकांची भजनं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मग आमच्या नगरकडेच इतकी वर्षं काढली, त्यामुळे आमच्याकडची म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल असं बोलायची की जसं काय शेजारच्या वाड्यातलेच. अभंग, ओवी, सगळं आपलंच, त्यामुळे रामरामवाले आजोबा पण टाळ घेऊन बसायचे. भजनानंतर पाळकसाहेब उभे राहायचे आणि मोह म्हणजे काय ते सांगायचे. दारू, लॉटरी, पत्ते, व्हिडिओवरचे पिक्चर. आणि देवऋषाकडे जाणं, हे तर जोर देऊन, कारण सगळ्यांना माहीत होतं की पोर आजारी पडलं की रविवारी प्रार्थना आणि मंगळवारी दोरा असं बऱ्याच घरात चालतं. माझ्या आजीनेच माझ्या पायात काळा दोरा बांधलेला. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, साहेब, दोरा माझ्या जिवाला आहे, भरवसा त्याच्यावरच आहे. कोणावर ते काही तिने उलगडून सांगितलं नाही. तो दोरा पुढे आपोआप झिजून तुटला, कोणी कापला नाही.

पण बाईंचं मोहाबद्दलचं मत पाळकसाहेबांपेक्षा वेगळं होतं, आणि ते मला कसं कळलं त्याचीच ही खरी गोष्ट आहे, बाकी सगळं आपलं असंच आठवलं म्हणून लिहिलं.

गॅदरिंगमध्ये पाठांतर स्पर्धा असायची. मी त्यातला चॅम्पियन. आवाज मोठा, अडखळणं नाही, सलग तीन वर्षं पहिला नंबर. सहावीत असताना मी बायबलातलं स्तोत्र ९१ घेतलं, १६ वचनं. तेच ते, परात्पराच्या छायेत राहणारं. तयारी अशी की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. वडील साखर कारखान्यावर वॉचमन होते, त्यांना माझं पाठांतर कधीच ऐकायला मिळालं नव्हतं, त्या वर्षी त्यांनी ड्युटी बदलून घेतली होती तरी यायला उशीर झालाच. मी म्हणायला सुरुवात केली, सगळं झक्कास चाललेलं, अकरावं वचन झालं, देव आपल्या दूतांना तुझं रक्षण करायला सांगेल, बारावं झालं, ते तुला हातांवर झेलतील म्हणजे तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागणार नाही, आणि तेवढ्यात मांडवाच्या मागे सायकल लावताना वडील दिसले. मी मान अजून ताठ केली, आवाज अजून चढवला, आणि सरळ चौदाव्यावर गेलो. तेरावं गायब. सिंह आणि नाग पायाखाली तुडवशील ते. उसातून अनवाणी फिरणारी पोरं आम्ही, नागाचं वचन आम्हाला सगळ्यात आवडतं, आणि नेमकं तेच गेलं.

मला पंधराव्याला असतानाच कळलं. परीक्षक म्हणून नेवाशाहून एक पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर बायबल उघडं होतं पण ते माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवत होते. टाळ्या पडल्या. पहिला नंबर. बक्षीस म्हणून पिवळी कंपासपेटी, आत कर्कटक, कोनमापक, सगळं नवंकोरं, आणि झाकणाच्या आत बाईंच्या अक्षरात माझं नाव. सायकलच्या दांड्यावर बसून घरी जाताना वडील म्हणाले, एक शब्द चुकला नाही तुझा. मी काही बोललो नाही. वर्षभर बोललो नाही. कंपासपेटी मात्र वापरली, नाही असं नाही.

पुढच्या वर्षी नाटक बसवायचं ठरलं ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं, येशूची अरण्यातली परीक्षा. चाळीस दिवसांचा उपास, मग सैतान येतो, धोंड्यांच्या भाकरी कर म्हणतो, मग मंदिराच्या शिखरावर नेतो, मग उंच डोंगरावरून सगळी राज्यं दाखवतो. येशू व्हायला सगळे तयार, सैतान व्हायला कोणी नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं बाई मी का, तर म्हणाल्या तुझा आवाज मोठा आहे, आणि पाठांतर चांगलं आहे, सैतानाला वचन म्हणायचंय.

मला ते माहीतच नव्हतं. बाईंनी पुस्तक पुढे केलं. शिखरावर उभा राहून सैतान येशूला म्हणतो उडी टाक, कारण शास्त्रात लिहिलंय ना, तो आपल्या दूतांना आज्ञा देईल आणि ते तुला हातांवर झेलतील. स्तोत्र ९१. माझं स्तोत्र. मी येडबडलोच. म्हटलं बाई, सैतानाला पण पाठ आहे?

तर बाई म्हणाल्या, "चांगलं पाठ आहे त्याला. फक्त बारावर थांबतो. तेरावं म्हणत नाही, कारण त्यात नाग तुडवायचा आहे ना. तुला जमेल."

एवढंच. चेहऱ्यावर काही नाही, लगेच दुसऱ्या पोराला भाकरीसारखे दिसणारे दगड आणायला पाठवलं. मी तिथेच उभा, कान गरम झालेले. म्हणजे यांना वर्षभर माहीत होतं. पाहुण्यांना कळलं नाही, वडिलांना कळलं नाही, सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या आणि या बाईंनी शांतपणे झाकणाच्या आत माझं नाव लिहून दिलं होतं.

मी त्यांना म्हटलं की कंपासपेटी परत करू का. त्या म्हणाल्या, वापरलेली कशाला परत घेऊ, भूमितीला लागेल. आणि मग जरा थांबून म्हणाल्या की दारूचा मोह दारूच्या दुकानात भेटतो रे, तिकडे गेलं नाही की झालं, पण हा जो दुसरा आहे ना तो आपल्याबरोबर चर्चमध्ये येऊन शेजारी बसतो, आपल्याबरोबर गाणी म्हणतो, त्याला कुठे टाळणार. मग पंडिता रमाबाईंचं सांगितलं, की लहानपणी त्यांना भागवताचे १८ हजार श्लोक पाठ होते असं सांगतात, त्यांच्याएवढं पाठांतर इथे कोणाचं आहे, पण तेवढ्यावर त्यांचं भागलं का, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणत बसल्या. त्याच वर्षी आम्हाला त्या केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला घेऊन गेल्या (नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं, आमच्या अर्ध्या पालकांचा हाच गोंधळ झाला आणि ते म्हणाले एवढ्या जवळ जायला एसटी कशाला).

नाटक मस्त झालं, सांगायला हरकत नाही. अंगावर घोंगडं, तोंडाला काजळी, आणि शिखर म्हणजे पाण्याच्या टाकीला लावायची शिडी. बाराव्या वचनाला मी थांबलो. मांडवात एकदम शांतता, पुढे येशूचं वाक्य होतं, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं, परमेश्वराची परीक्षा पाहू नको, पण येशू झालेला पोरगा माझ्याकडे बघत गप्प, विसरला होता. तेव्हा सैतानानेच शिडीवरून त्याला हळूच प्रॉम्प्टिंग केलं. पुढच्या रांगेतल्या बायांना ऐकू गेलं. हसून हसून पुरेवाट.

आता पिंपरीत असतो. रोज सकाळी ग्रुपवर एक वचन टाकतो, छान फोटोवर लिहून. टाकलं की दहा मिनिटांनी बघतो किती अंगठे आले. कमी आले तर जरा वाईट वाटतं, आणि मग स्वतःचंच हसू येतं, आणि तरी अकरा वाजता परत बघतो.

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो. व्हीबीएस चालू आहे अजून, पाच दिवसांची झालीये, बॅनर आता फ्लेक्सचा आहे आणि मांडव नाही, हॉल बांधलाय. मागची भिंत पण पाडली. बाई थकल्यात, घरीच असतात, त्यांना नावं आठवत नाहीत, मला त्या दोनदा माझ्या चुलतभावाच्या नावाने बोलल्या. त्यांची सून म्हणाली पाठ केलेलं मात्र सगळं आहे हो, म्हणा म्हटलं की म्हणतात. मी म्हटलं, बाई, एक्क्याण्णव म्हणायचं का. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, बारीक आवाज, पण एकसारखा, मी बरोबर ओठ हलवत होतो. अकरावं झालं. बारावं झालं. आणि बाई सरळ चौदाव्यावर गेल्या.

मी जरा थांबलो, मग हळूच मधे तेरावं म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारली. म्हणाल्या, "मधे मधे बोलू नको, माझं चुकतं."