आधी बोर्ड दखाड

आमच्या फ्रेस्नोतल्या घराच्या गॅरेजबाहेर, भिंतीत बसवलेला राखाडी पत्र्याचा एक डबा आहे. तीन वर्षं मी त्याच्या शेजारून दर आठवड्याला कचऱ्याची पिंपं ओढत नेली, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. तो उघडायला लावला अमळनेरच्या अप्पांनी, तेरा हजार किलोमीटरवरून, फोनवर.

अप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी वायरमन म्हणून झाली. २००५ मध्ये एमएसईबीची महावितरण झाली, तरी गल्लीत ते आजही 'बोर्डातले अप्पा' आहेत. कुणाकडे गीझर लावायचा, बोअरची मोटार बदलायची म्हटलं की लोक आधी त्यांना विचारतात. मी घरावर सोलर लावायचं म्हणते हे सांगायला फोन केला. पॅनेल किती, बॅटरी किती, सगळं मी उत्साहानं सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे. आधी बोर्ड दखाड. मेन कितला शे?" अहिराणीत म्हणजे, आधी विजेचा मुख्य बोर्ड दाखव, त्यातला मेन स्विच केवढा आहे?

मला माहीत नव्हतं.

फ्रेस्नो कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात आहे. बदाम, द्राक्षं, मैलोनमैल सपाट जमीन आणि उन्हाळ्यात चाळिशी पार करणारं कोरडं ऊन. पहिल्या जुलैत मला इथे परक्यासारखं वाटलंच नाही, दुपारी दारं-खिडक्या लावून घेण्याची सवय जळगाव-अमळनेरची होतीच. फरक एवढाच की इथलं घर लाकडाचं, एसीशिवाय राहता येत नाही, आणि उन्हाळ्याची बिलं पाहून पोटात गोळा येतो. म्हणून सोलर.

२०२५ च्या उन्हाळ्यात इथे सोलरवाल्यांची नुसती झुंबड होती. घरच्या सोलरवर केंद्र सरकार आयकरात खर्चाच्या ३० टक्के सूट देत असे. ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार असा कायदा जुलैमध्ये झाला. मग जो तो दार वाजवून सांगू लागला, आजच सही करा. आमच्याकडे आलेला पहिला मुलगा घरात पाऊल न टाकताच टॅबलेटवर आमच्या छताचा उपग्रहावरून घेतलेला फोटो दाखवत होता. त्याच्या करारात छतावरची यंत्रणा आमची नव्हतीच, पंचवीस वर्षं भाड्यानं होती, आणि भाडं दर वर्षी २.९ टक्क्यांनी वाढणार होतं. हे वाढीचं कलम अकराव्या पानावर बारीक अक्षरात होतं. मी ते वाचायला लागले तसा तो अस्वस्थ झाला. त्याला तिथेच नमस्कार केला.

दुसरा माणूस अनुभवी होता. त्यानं मीटरचा फोटो काढला आणि सांगितलं, तुमचं पॅनेल १०० अँपिअरचं आहे, ते २०० चं करावंच लागेल, आमच्या पॅकेजमध्ये ते फुकट आहे. इथे 'पॅनेल' दोन अर्थांनी येतं: छतावरचं ते सोलर पॅनेल, आणि भिंतीतला विजेचा मुख्य बोर्ड, जिथे मेन आणि सगळे ब्रेकर असतात, तेही पॅनेलच. अप्पांना 'फुकट' शब्द खटकला. मी त्या माणसाकडे बोर्डाची किंमत वेगळी लिहून मागितली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. बाकीच्यांशी ताडून पाहिलं तेव्हा त्याचं एकूण कोटेशन साधारण बोर्डाच्या किमतीनं फुगलेलं दिसलं.

तिसरी एक बाई आली, स्वतः इलेक्ट्रिशियन, सोबत एक मदतनीस. सकाळी आठ वाजता, म्हणजे अमळनेरला रात्रीचे साडेआठ. तिनं छताकडे पाहिलंही नाही. सरळ गॅरेजबाहेर गेली, रबरी हातमोजे चढवले आणि डब्याचं आतलं झाकण काढलं. मी लांबून फोन धरला, पलीकडे जेवण आटोपून अप्पा खाटेवर बसलेले. (हे झाकण आपण स्वतः काढायचं नाही. मेन पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात.) ती एकेक ब्रेकर वाचत होती, मी अप्पांना सांगत होते. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब. खालून दुसरा, तो तपकिरी पडला आहे, तो कशाचा?" मी विचारलं. तिनं टॉर्च जवळ नेला आणि मान डोलावली. कपडे वाळवायच्या यंत्राचा ब्रेकर. त्याच्या मागची बसबार, म्हणजे सगळे ब्रेकर जिच्यावर बसतात ती धातूची पट्टी, काळवंडली होती, धातूला बारीक खड्डे पडले होते, प्लास्टिकची कड वितळून गोल झाली होती. पकड सैल झाली की ठिणग्या पडतात, त्यातून हे होतं. तीन वर्षं त्याच्यावर आम्ही मुलांचे कपडे वाळवत होतो. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग तिनं ओट्यावर बसून हिशेब मांडला. तो इथे देते, कारण इथला प्रत्येक सोलरवाला तो करू शकतो आणि फार थोडे करतात. इथल्या वायरिंगच्या नियमात '१२० टक्क्यांची अट' आहे. बसबारची क्षमता गुणिले १.२, त्यातून मेन ब्रेकर वजा, उरेल तेवढाच सोलरचा ब्रेकर. १०० ची बसबार आणि १०० चा मेन असेल तर १२० वजा १००, म्हणजे २० अँपिअर. त्याचेही ८० टक्केच धरायचे, १६ अँपिअर. इथला घरचा मोठा दाब २४० व्होल्ट. सोळा गुणिले २४० म्हणजे ३.८४ किलोवॉट. आमच्या एसीला आणि बॅटरीला धरून लागणार होते सहाच्या वर.

तिनं हेही स्पष्ट सांगितलं की प्रत्येक १०० च्या बोर्डाला बदली लागत नाही. बसबार शाबूत असेल आणि गरज चार किलोवॉटच्या आत असेल तर हात लावू नका. मोठी बसबार असेल तर कधी नुसता मेन एक पायरी लहान करून काम भागतं, कधी सोलर मेनच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला जोडता येतं. आमच्याकडे मात्र बसबार जळालेली होती. पुढे विजेची गाडी घ्यायची आहे, तिचा चार्जर म्हणजे आणखी ४० अँपिअरचा ब्रेकर. घर गरम करणारी गॅसची भट्टी काढून विजेवर चालणारा हीट पंप बसवायचा आहे. म्हणून आम्ही २०० चा मेन आणि २२५ ची बसबार असलेला बोर्ड घेतला. २२५ गुणिले १.२ म्हणजे २७०, वजा २००, सोलरसाठी ७० अँपिअर मोकळे. थोड्या जास्त पैशांत पुढच्या वीस वर्षांची जागा झाली. शहराचा परवाना, वीज कंपनीनं सकाळी तार सोडवून संध्याकाळी परत जोडणं, तपासनिसाची फेरी, यात काही आठवडे गेले आणि तेवढे गेलेच पाहिजेत.

काम देण्याआधी राज्याच्या कंत्राटदार मंडळाच्या संकेतस्थळावर तिचा परवाना पाहिला: सोलरचा सी-४६ किंवा विजेचा सी-१०, यांपैकी एक आहे ना ते. कॅलिफोर्नियात कंत्राटदाराला आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यात जी कमी असेल तेवढीच घेता येते. जास्त मागणाऱ्याला तिथेच सोडावं. पंचवीस वर्षांच्या हमीवरही डोळे झाकून विसंबू नये: ऑगस्ट २०२४ मध्ये सनपॉवरसारखी जुनी, नावाजलेली कंपनी दिवाळखोरीत गेली. आणखी एक, १५ एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जदारांना इथे ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेल्या विजेचा दर जुन्याच्या जेमतेम पाव मिळतो. दुपारची वीज विकण्यापेक्षा बॅटरीत साठवून संध्याकाळी वापरणं परवडतं ते त्यामुळे.

हे सगळं मी इतकं सविस्तर लिहिते आहे कारण आता लहान भावानं अमळनेरच्या घरावर तीन किलोवॉट बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यासाठी विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पॅनेल भारतात बनलेली, सेलसकट. पण यादीत नाव असलेले पुष्कळ आहेत. भावाकडे आलेल्या पहिल्या दोघांनी गच्ची मोजली, मीटरपाशी कुणी गेलं नाही. आमच्या जुन्या घरात अजून किटकॅट फ्यूज होते आणि मंजूर भार एक किलोवॉट. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अट नाही, गरजेप्रमाणे भारही वाढवून मिळतो, पण घरातली तार आणि अर्थिंग कुणी वाढवून देत नाही. ती आपणच पाहायची.

खान्देशात तर दोन गोष्टी जास्तच पाहाव्या लागतात. एक ऊन. आपल्याला वाटतं ४५ अंशांत सोलर धो धो वीज देईल. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको. मेच्या दुपारी काच ७० अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या, आणि पाणी मारायचं ते पहाटे, तापलेल्या काचेवर नाही. दुसरं वादळ. रावेर-यावलकडे पावसाळ्याच्या तोंडाशी केळीचे मळे एका वाऱ्यात झोपतात. स्ट्रक्चर कोणत्या जाडीचं, पाय गच्चीत कसे रोवणार, हे लिहून घ्या. एसी बाजू (घरच्या विजेची), डीसी बाजू (पॅनेलकडची) आणि पडणारी वीज जमिनीत उतरवणारा तडितरक्षक, तिघांचं अर्थिंग वेगळं. अप्पा आजही उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी ओततात, काळी माती सुकून फाटली की अर्थ धरत नाही म्हणून.

भावाचा एक प्रश्न होता, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असेल: लाईट गेली की सोलर चालू राहील ना? बॅटरीशिवायचं, ग्रिडला जोडलेलं सोलर बंद होतं, आणि झालंच पाहिजे, नाहीतर त्याची वीज बंद लाईनीत उलटी जाते. अप्पा नोकरीत असताना एकदा पारोळा रस्त्यावर लाईन बंद करून खांबावर चढले होते. कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटा करंट लाईनीत आला. चढण्याआधी तारा अर्थ करून घ्यायची सवय होती म्हणून ते खाली उतरले. आई ते अजून डोळ्यांत पाणी आणून सांगते.

तिसऱ्या विक्रेत्यानं आधी मीटरपेटी उघडली, त्यालाच काम दिलं. जोडणी झाली त्या दिवशी अप्पांनी त्याला थांबवून ठेवलं. भर दुपारी मेन पाडला आणि इन्व्हर्टरसमोर, म्हणजे पॅनेलच्या डीसीची घरची एसी वीज करणाऱ्या यंत्रासमोर, उभे राहिले. आकडा शून्यावर आला. टेस्टरनं स्वतः तार तपासली, मेन परत चढवला, थोड्या वेळानं इन्व्हर्टर आपोआप सुरू झाला. मग भावाला म्हणाले, "आते दे याले पैसा."