एका एकराचे पाणी

जूनमध्ये धरणांचा साठा खालावून दहा टक्के पाणीकपात जाहीर झाली, की मुंबईतल्या आमच्या सोसायटीत टाक्या आणि गळक्या नळांवर बैठका झडतात. त्या व्हायलाच हव्यात; पण ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांनी एक हिशेब शेतापासूनही मांडावा. एक एकर रानाला 50 मिलिमीटर पाणी देणे म्हणजे सुमारे 2 लाख लिटर, आणि माणशी रोज 135 लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर चौघांच्या कुटुंबाचे तेवढ्यात वर्ष निघते. उसाच्या रानात ही पाणी देण्याची जेमतेम एक पाळी असते.

यावर ठिबक हे उत्तर सर्वांना तोंडपाठ आहे आणि ते चुकीचेही नाही. मात्र ठिबकाला अनुदान मिळते, माती हातात घेऊन पाहण्याला मिळत नाही, म्हणून दुसरे काम मागे पडते. पंपाची वीज अनेकदा रात्री येते, त्यामुळे मोटारीला ऑटोस्टार्टर लावून शेतकरी झोपतो आणि पिकाला किती पाणी मिळावे हे विजेच्या वेळापत्रकावर ठरते. काळ्या, खोल जमिनीत असे पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात, आणि तो पिवळेपणा पाण्याची ओढ समजून पुन्हा पाणी सोडले जाते! आमचे थोरले बंधू आता मोटार सुरू करण्यापूर्वी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहतात. गोळाच झाला नाही तर पाणी द्यायचे. गोळा होऊन खाली टाकताच फुटला तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत, थांबायचे. तळहाताला चिखल लागला तर पाळी आणखी लांबवायची.

दुसरी गोष्ट पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याची. तोडणीनंतर ते पेटवून देण्याऐवजी बुडख्यांवरून बाजूला ओढून सरीत पसरले, तर खोडव्याची, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या उसाची, फूट अडत नाही. भर उन्हाळ्यातही पाचट उचलले की खालची माती गार व ओलसर लागते. कुजल्यावर त्याचाच सेंद्रिय कर्ब होतो आणि जमिनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते.

तरीही वाचलेले पाणी बहुधा शेजारच्या एकरातल्या नव्या उसाकडेच वळते, आणि विहिरीची पातळी होती तिथेच राहते. पुरंदर तालुक्यात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हे ओळखले होते: तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरे, भूमिहीनांनाही तो मिळे, आणि त्या पाण्यावर ऊस लावायला मनाई होती.