पहिला खर्डा

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत कोणी ना कोणी पालक टेबलापाशी थांबतात आणि विचारतात, "मॅडम, बारावीत मराठीला चांगले मार्क आहेत हिला. पहिल्या वर्षाला परत लिहायला काय शिकवता? आणि वर्षाच्या शेवटी हाती काय लागतं?" रांग मागे उभी असते, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन मी मोकळी होते आणि मग दिवसभर ते उत्तर अपुरं वाटत राहतं. तुम्हीही मुलीच्या प्रवेशाआधी तेच विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षाला लेखन शिकवणं ही काही आमची नवी कल्पना नाही. अमेरिकेत हार्वर्डने १८८५ साली पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनाचा विषय सक्तीचा केला आणि पुढे तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी तो उचलला. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं. इथे भाषा शिकवली गेली ती मुख्यतः धडे-कविता म्हणून. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे भाषेच्या क्षमतेसाठी वेगळे क्रेडिट आले. दोन क्रेडिट म्हणजे सत्रात तीस तास. तीस तासांत साठ मुलं. एवढ्यात व्याकरण पुरं होत नाही, शुद्धलेखनही नाही. मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: आपण लिहिलेलं पान परत हातात घ्यायचं आणि ते दुसऱ्यांदा लिहायचं.

बारावीपर्यंत मुलांनी हे कधी केलेलं नसतं. निबंध एकदा लिहायचा, मार्क बघायचे आणि वही मिटायची. त्यामुळे पहिल्या आठवड्यात 'माझे वडील' लिहायला सांगितलं की चाळीस कागदांवर 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे' असतं. मुलं खोटं लिहीत नाहीत. इतकी वर्षं त्यांना मार्क मिळाले ते याच वाक्याला.

काटोलकडचा एक मुलगा होता. घरचा संत्र्याचा बगीचा. त्याच्या पहिल्या खर्ड्यात कष्ट होते, घाम होता, काळी आई होती, पण संत्र्याचं एक झाड नव्हतं. मी त्याला शेजारी बसवून विचारलं, डिसेंबरात तुझे बाबा काय करतात?

"काहीच नाही मॅडम. बगीच्याले पाणीच देत नाही."

"काऊन?"

"ताण देते नं. पानं मुरडते, झाड वाळून राहिलं असं वाटते. मंग पाणी सोडलं का फूल येते."

मी म्हटलं, हे लिही. जसं बोललास तसंच लिही. त्याला पटेना. "हे तर सगळ्यांनाच माहीत असते," म्हणाला. वर्गात हात वर करायला सांगितलं, तर साठातल्या सात जणांनाच माहीत होतं. बाकीचे इतवारीतले, धरमपेठेतले, चंद्रपूरकडचे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवतात, हलक्या जमिनीत महिनाभर आणि भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त, हे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसरा खर्डा त्याने घरच्या बोलीत लिहून आणला, तिसरा प्रमाण मराठीत. तिसऱ्यात हे होतं: 'बाबा स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात ठेवतात, म्हणजे घरातलं कोणी चुकून मोटार सुरू करणार नाही. संध्याकाळी एक पान तोडून मुठीत दाबून बघतात. आई विचारते, किती दिवस? ते काहीच बोलत नाहीत.' त्या कागदावर कष्ट हा शब्द नव्हता. वर्गात वाचल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, पाणी सोडायला उशीर झाला तर? मुलांनी एकमेकांच्या लिखाणाला असे प्रश्न विचारले की मला आनंद होतो. माझ्या लाल पेनाने जे होत नाही, ते त्या प्रश्नाने होतं. त्याने चौथा खर्डा मी न सांगता लिहिला.

लाल पेनाचं सांगायलाच हवं. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, 'माहा बाप हमाल हाये.' मी 'माहा'भोवती गोल केला आणि समासात 'अशुद्ध' लिहिलं. पुढची वाक्यं वाचलीही असतील, पण त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तिने नंतर एकही कागद दिला नाही, परीक्षेपुरती आली. तो गोल मला अजून दिसतो. तेव्हापासून पहिला खर्डा घरच्या बोलीत चालतो, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. प्रमाण मराठी शिकवतेच, कारण अर्ज आणि अहवाल तीत लिहावे लागतात. पण ती शेवटच्या खर्ड्याला. आधीच मागितली तर मुलं सांगायची गोष्टच गिळून टाकतात.

बाकी उपक्रम थोडक्यात. नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडापाशी अर्धा तास उभं राहून दिसेल ते लिहायचं, 'सुंदर' आणि 'भव्य' हे दोन शब्द सोडून. मारबतीवर, म्हणजे मिरवणूक काढून जाळतात त्या पुतळ्यावर, लिहायचं, पण 'प्राचीन काळापासून' म्हणायचं नाही. ज्यांच्या घरात ती परंपरा आहे त्यांना भेटायचं, ग्रंथालयात जुने अंक काढायचे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबती सांगितल्या जातात १८८० च्या दशकापासूनच्या. हे शोधून आलेली मुलगी पिवळी मारबत जिथून निघते त्या जागनाथ बुधवारीतच वाढलेली होती, आणि तिलाच सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. सत्राच्या शेवटी भित्तिपत्रक आणि एक वाचनाची दुपार.

हाती काय लागतं? बक्षिसं थोडी, आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेतली एक-दोन. मला त्याहून मोठं वाटतं ते एका वसतिगृहातल्या मुलींचं पत्र. 'आमच्यावर अन्याय होत आहे' असं सुरू होणारा अर्ज त्यांनी दोनदा दिला होता, उत्तर नव्हतं. वर्गात तो परत लिहिला: कोणत्या मजल्यावर, कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी गेलं, तेव्हा किती मुली रांगेत होत्या. नऊ दिवसांची नोंद, एक पान. ते दिल्यावर चौथ्या दिवशी प्लंबर आला. त्या मुली माझ्याकडे धावत आल्या तेव्हा त्यांना पाण्यापेक्षा आपलं पान कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं याचं अप्रूप होतं.

तेव्हा मुलीला जरूर पाठवा. येताना वही नको. सुटे फुलस्केप द्या, पन्नासेक तरी. वहीतलं पान फाडायला मुलं कचरतात.